जागाबचतीचे प्रयोग

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला जागा कशी वाचवावी हे कोणी शिकवायला जाऊ नये. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, आणि तो बसतो न बसतो तोच पाचवा येऊन "जरा सरकून घ्या" म्हणतो, हे आम्ही रोज सकाळी पाहतो. संध्याकाळी तो पाचवा बहुतेक आम्हीच असतो. घरी सव्वाचारशे चौरस फुटांत आई, सौ., चिरंजीव, मी, एक शिलाई मशीन, दोन गाद्यांच्या वळकट्या आणि सौ.च्या माहेरून आलेला पितळी बंब इतकी मंडळी सुखाने नांदतात. तेव्हा एका संध्याकाळी चिरंजीवांनी "बाबा, डिस्क फुल झाली" असं जाहीर केलं, तेव्हा मी डगमगलो नाही. "बघू, सरकवून घेऊ," म्हटलं.

डिस्क भरली होती ती माझ्यामुळे, हे मान्य केलं पाहिजे. मला सिनेमांचा नाद आहे. त्यात 2007 साली मोझर बेअर कंपनीने सिनेमाची डीव्हीडी 34 रुपयांना आणि व्हीसीडी 28 रुपयांना बाजारात आणली आणि माझ्यासारख्या नुकत्याच नोकरीत कायम झालेल्या क्लार्कचं पुरतं वाटोळं झालं. तोवर शेकड्यातली वस्तू ती, आता भाजीवालीच्या शेजारी मिळायला लागली. सौ. भाजी घ्यायची तोवर मी दोन सिनेमे घेऊन मोकळा. कधीकधी मेथीपेक्षा अमोल पालेकर स्वस्त पडायचा. असं करता करता चार-पाच वर्षांत 135 तबकड्या जमल्या. शिवाय घरगुती समारंभांच्या सहा. एकूण 141.

पुढे 2020 सालच्या टाळेबंदीत आमच्या शाखेत एक दिवसाआड हजेरी सुरू झाली. बाकीचे लोक त्या रिकाम्या दिवसांत केक करायला शिकले. मी सगळ्या तबकड्या एकामागून एक कॉम्प्युटरमध्ये घालून हार्ड डिस्कवर जशाच्या तशा उतरवून घेतल्या. एका तबकडीला वीसेक मिनिटं. शेवटची उतरली त्या दिवशी मी रिकाम्या डब्यांचा आणि तबकड्यांचा ढीग सौ.कडे सोपवून मोठ्या रुबाबात म्हटलं, "यातलं सगळं आता आत आलं. हे भंगार. तुला हवं ते कर."

हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. मी विसरलो होतो.

डिस्क एक टीबीची. म्हणजे विकणारा तसं म्हणतो. घरी आणून जोडली तर कॉम्प्युटर म्हणाला, 931 जीबी. हजार सांगून 931! बँकेत माणसाची वीस-बावीस वर्षं रुपया-पैशाचा मेळ घालण्यात गेली की असा 69 चा फरक त्याला झोपू देत नाही. मी पावती घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं (तेव्हाच ओळखायला हवं होतं) आणि सांगितलं की डिस्क बनवणारा बाइट्स हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर 1024 च्या पटीत. डिस्कवर बाइट्स मोजून एक लाख कोटीच आहेत, त्यांना तीनदा 1024 ने भागा. मी तिथेच मोबाईलवर भागून पाहिलं. 931 च आले. मेळ बसला, पण समाधान झालं नाही. डीव्हीडीचंही तसंच. वर 4.7 जीबी लिहितात आणि कॉम्प्युटर 4.37 मोजतो. दोन थरांची असली तर 8.5 चे 7.95. सोनाराच्या घरी एक तोळा आणि आपल्या घरी एक, अशातला प्रकार.

तर या 931 पैकी 858 माझ्या सिनेमांनी अडवले होते. उरलेल्यात चिरंजीवांचं अकरावीचं शास्त्र, कसलासा कॉलेजचा व्हिडिओ प्रकल्प आणि फोनमधले फोटो दाटीवाटीने उभे होते, दारात लोंबकळत.

"तुम्ही ते सिनेमे उडवा ना," चिरंजीव म्हणाले. "सगळं ऑनलाइन असतं."

"असतं, आणि एक दिवस नसतं," मी म्हटलं. "त्यांचा करार संपला की सिनेमा जातो. सांगून जात नाही."

"मग नवीन डिस्क घ्या."

हे वाक्य आमच्या घरात फक्त सोळा वर्षांचा माणूसच बोलू शकतो. सौ.ने आतून नुसतं भांडं ठेवलं. आवाजावरून उत्तर कळलं.

शेवटी चिरंजीवांनीच तोड काढली. सिनेमे आवळायचे. त्यासाठी एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम असतो, त्याचं नाव हँडब्रेक. "चालत्या कॉम्प्युटरला हँडब्रेक कशाला लावायचा?" असं आईने विचारलं, तेव्हा आम्ही दोघेही हसलो. पुढे महिनाभर आमच्या कॉम्प्युटरवर दुसरं काहीही चालेना, तेव्हा आईचा मुद्दा आमच्या ध्यानात आला.

आवळणं म्हणजे काय, ते मी चिरंजीवांकडून समजावून घेतलं आणि लगेच माझ्या भाषेत भाषांतर करून टाकलं. सिनेमात सेकंदाला 25 चित्रं. प्रत्येक चित्र पूर्ण लिहून ठेवायचं म्हटलं तर डीव्हीडीवर चहा व्हायच्या आत सिनेमा संपेल. म्हणून एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं. म्हणजे पासबुकच! वर ओपनिंग बॅलन्स, खाली जमा-नावे. अमोल पालेकर खुर्चीत बसून नुसतं बोलत असेल तर ओठांची जमा-नावे लिहायची, मागची भिंत रोज रोज कशाला लिहायची? ही युक्ती डीव्हीडीतही आहेच. पण डीव्हीडी 1996 साली निघाली, आणि तिच्यातला हिशेबनीस त्या काळातला, जुन्या वळणाचा, भित्रा. तो साधारण दर अर्ध्या सेकंदाने पुन्हा ओपनिंग बॅलन्स लिहितो. न जाणो, चुकलं तर! 2003 साली एच. 264 नावाची नवी पद्धत आली. तिच्यातला हिशेबनीस दहा-दहा सेकंद मागचीच बाकी पुढे ओढतो, आणि चार पानं मागे जाऊन "ही नोंद तिथल्यासारखीच" असं लिहून मोकळा होतो. 2013 साली आणखी एक आला, एच. 265. तो याहूनही कमी शब्दांत लिहितो, पण विचार फार करतो. आमच्या बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर एका सिनेमाला त्याने अख्खी रात्र घेतली आणि सकाळी टक्के विचारले तर 91. असा एक मनुष्य आमच्या शाखेत होता. मी मधल्यालाच नेमला.

पहिल्या रात्रीचा प्रयोग फसला, तो माझ्या कॉमर्सच्या पदवीमुळे. या प्रोग्रॅममध्ये दर्जा ठरवायची एक दांडी असते. तिच्यावरचा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. डीव्हीडीसाठी 18 ते 22 ठेवा म्हणतात. मी म्हटलं, दर्जाच्या बाबतीत तडजोड नको, आणि दांडी ओढून 10 वर नेली. सकाळी उठून पाहतो तो 4.2 जीबीचा सिनेमा आवळून 6 जीबीचा झालेला! आवळायला दिलेली सदरी शिंप्याने सैल करून पाठवावी तसं. मूळ चित्रातलं धुळीचं कणन्‌कण त्या नव्या हिशेबनिसाने इमानेइतबारे उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या रात्री 20 वर ठेवलं आणि 'गोलमाल' 6.3 चा 1.2 वर आला. टीव्हीवर लावून दोघं बापलेक जवळ जाऊन, लांब जाऊन, एक डोळा मिटून बघितलं. फरक सांगता येईना. उत्पल दत्तच्या मिशीचा केसही वाकडा झाला नव्हता. त्या दिवशी मी ऑफिसात तीन जणांना न विचारता ही गोष्ट सांगितली.

मग मला चटकच लागली. काटकसरीचं व्यसन हे सगळ्यांत वाईट. ते सोडायला कोणी सांगत नाही. मी एकेका सिनेमाचा हिशेब काढायला बसलो. आवाज बघा. सिनेमाला सहा कण्यांचा ध्वनी, सेकंदाला 448 किलोबिट. अडीच तासांचे 504 एमबी होतात नुसते आवाजाचे! आणि आमच्या टीव्हीला स्पीकर दोन, त्यातला डावा थंडीत बंद. पाव टक्का ऐकू येणाऱ्या आवाजाला अर्धा जीबी भाडं? साधा दोन कण्यांचा, 160 चा ठेवला, 180 एमबीत काम झालं. जाहिराती, इशारे, ट्रेलर, सजवलेलं अनुक्रमाचं पान, सगळं काढलं. चित्राच्या वर-खाली त्या काळ्या पट्ट्या असतात, त्या कापल्या तर केवढी जागा वाचेल, असंही मला वाटलं होतं. पण काळ्या पट्टीत बदल काहीच होत नसल्यामुळे तिला जवळजवळ काहीच जागा लागत नाही म्हणे. खातं उघडून वर्षानुवर्षं व्यवहार न करणाऱ्या खातेदारासारखी ती. नुसती दिसते.

खरा धक्का दिला एका जुन्या कृष्णधवल सिनेमाने. माझा आपला साधा हिशेब, रंगच नाहीत म्हणजे निम्म्यात भागेल. सकाळी पाहतो तो रंगीत 'गोलमाल'च्या दुप्पट! कारण जुन्या फिल्मवर दाणे असतात, रवा सांडल्यासारखे, आणि ते प्रत्येक चित्रात जागा बदलतात. नव्या हिशेबनिसाला मागची भिंत पुढे ओढता येईना, कारण भिंतच सेकंदाला पंचवीस वेळा बदलत होती. बिचारा रात्रभर रवा मोजत बसला होता.

यावर उपाय त्याच प्रोग्रॅममध्ये निघाला. 'डीनॉइज' नावाची एक चाळण. ती लावली की दाणे निघून जातात. तिच्यातही प्रकार होते. अतिसौम्य, सौम्य, मध्यम, स्ट्राँग. चहा आणि हा शब्द यांचं माझ्या मनात काय नातं आहे कोण जाणे, मी स्ट्राँग निवडला. सिनेमा तिसऱ्या हिश्शावर आला. भिंती गिलावा केल्यासारख्या स्वच्छ. मी इतका खूश झालो की सगळ्याच्या सगळ्या 141 नावांना तीच चाळण लावून रांगेत उभं केलं आणि रोज रात्री जेवण झालं की बटण दाबून झोपायला लागलो.

एका सिनेमाला दीड तास, रात्रीत पाच. 141 ला 28 रात्री आणि वर एक सिनेमा. या काळात कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायचा की शेजाऱ्यांनी दोनदा पिठाची गिरणी घेतलीत का म्हणून विचारलं. सौ.ला विजेच्या बिलाची काळजी. मी तिला रात्रीचं एक युनिट, म्हणजे 28 युनिटं, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे रुपये असं कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "आणि वाचलं किती?" मी म्हटलं, "687 जीबी." ती म्हणाली, "रुपयात सांगा."

ते असो. 858 चे 171 झाले. मी पांढऱ्या कागदावर ताळेबंद काढून कॉम्प्युटरला चिकटवला. मूळ प्रती निवडल्या आणि शिफ्ट दाबून डिलीट दाबलं. शिफ्ट दाबलं की ते मधल्या कचरापेटीत न थांबता परस्पर जातं. मला वाटलं, कचरापेटी तरी कशाला भरा.

आता आमच्या बँकेत, आणि कुठल्याही बँकेत, एक साधी शिस्त असते. नोंद करणारा वेगळा, तपासून पास करणारा वेगळा. मेकर आणि चेकर. पन्नास हजारांची नोंद असो की कोट्यवधींची, क्लार्कने केली तर अधिकारी पास करणार. वीस वर्षं मी दिवसाला शंभर-शंभर वेळा हे करत आलोय. घरी मेकर मीच होतो आणि चेकरही मीच. आणि चेकरने फक्त 'गोलमाल' बघितला होता, तोही चाळण लावायच्या आधीचा.

माझे वडील, अण्णा, 2014 साली गेले. पितृपक्षात त्यांची तिथी असते. त्या दिवशी संध्याकाळी सगळं आवरलं की आई टीव्हीसमोर बसते आणि म्हणते, "लाव." काय लाव, ते सांगावं लागत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं, 2009 सालचं चित्रण. सगळं नाही. सीमांतपूजन, मंगलाष्टकं वगैरे ती पुढे ढकलायला सांगते. तिला हवी असते ती पंगत. त्यात अण्णा जिलबीचं ताट घेऊन वाढत येतात, कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर जातो, आणि ते म्हणतात, "अहो, माझं कसलं काढताय? त्या पलीकडच्या आजींचं काढा, मघापासून पदर सारखा करून बसल्यात." झालं. चौदा-पंधरा सेकंद. तेवढं बघायचं, आणि मग आई उठून दिवा लावते.

या वर्षी मी पेन ड्राइव्ह लावताना कौतुकाने सांगितलं की आई, हे 4.2 होतं ते आता अर्ध्या जीबीवर आणलंय. आई म्हणाली, "बरं."

पंगत आली. अण्णा आले. आवाज तोच, जिलबी तीच. चेहरा मात्र गणपतीच्या कारखान्यातून नुकताच बाहेर आलेला. गाल सपाट, कपाळ सपाट, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गिलावा करून बुजवलेल्या. हॉलच्या पिवळ्या दिव्यांत काढलेलं ते चित्रण मुळातच दाणेदार. चाळणीने दाणे काढले आणि त्याबरोबर जे जे बारीक होतं ते सगळं काढलं.

आई जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हनुवटीवरचं कापलेलं कुठे गेलं?"

"काय कापलेलं?"

"त्या दिवशी सकाळी घाईत दाढी करताना कापलं होतं त्यांना. मी कापूस लावला होता, तो पंगतीपर्यंत निघाला. तिथे लाल दिसायचं. दरवर्षी दिसतं."

मी पुन्हा लावून बघितलं. थांबवून बघितलं. हनुवटी गुळगुळीत होती.

"हे तू काहीतरी केलंयस," आई म्हणाली आणि दिवा लावायला उठली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मूळ फाइल डिस्कवर नव्हती. पण तबकडी! सौ.ला विचारलं, तर ती म्हणाली, "अहो, तुम्हीच भंगार म्हणालात ना? ती तर कबुतरांना."

आमच्या बाल्कनीत कबुतरांचा इतका उच्छाद की कुंडीत तुळस जगत नाही. तबकड्या दोऱ्याने टांगल्या की वाऱ्यावर चकाकतात आणि कबुतरं बिचकतात, असं सौ.ला कोणीतरी सांगितलेलं. सिनेमांच्या तबकड्या रुपेरी, साध्या. पण सहा तबकड्या मागून छान जांभळट दिसत होत्या, म्हणून तिने नेमक्या त्या शोभेसाठी निवडल्या. ती जांभळट छटा असते रंगद्रव्याची. कारखान्यातल्या तबकडीत खाचा साच्याने ठोकलेल्या असतात. घरी किंवा स्टुडिओत भाजलेल्या तबकडीत लेसरने या रंगावर खुणा केलेल्या असतात, आणि ऊन लागलं की रंग विटतो. म्हणजे जगात ज्यांची दुसरी प्रत मिळणार नाही त्या सहाच्या सहा घरगुती तबकड्या दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पश्चिमेच्या उन्हात लोंबकळत होत्या. मी बाल्कनीत गेलो. लग्नाच्या तबकडीखाली कठड्यावर एक कबुतर मान आत घेऊन शांत बसलं होतं. ते उडालंसुद्धा नाही.

तबकडी धुतली. कोणीतरी टूथपेस्ट लावायला सांगितली होती, तीही लावून पुसली. कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर आतून असा आवाज आला की आई देवघरातून म्हणाली, "मिक्सरचं झाकण लावा." तरी दोन बदाम आणि 'शुभविवाह' अशी अक्षरं पडद्यावर आली, आणि मला देव आठवला. अकरा मिनिटं चाललं. मग सीमांतपूजनाच्या तांब्यावर येऊन चित्र जे थिजलं ते थिजलंच. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. आधीचे विधी मध्यभागी आणि पंगत अगदी कडेला. जेवायला बसलेल्या मंडळींना सगळ्यांत जास्त ऊन लागलं होतं.

चिरंजीवांनी मग उडवलेल्या फाइली परत आणणारा एक प्रोग्रॅम डिस्कवर चालवला. पुसलं तरी वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खाली मजकूर राहतो म्हणतात. पण रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्याच प्रकल्पाचा व्हिडिओ आणि शेकडो फोटो येऊन बसले होते. दोन तासांनी काही तुकडे मिळाले. एक उघडला. गुरुजी, मामा, अंतरपाट. मंगलाष्टकं चाललेली. आम्ही श्वास रोखून बसलो. "सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला आणि समोर उत्पल दत्त! दोन पुसलेल्या फाइलींचे तुकडे एकमेकांना चिकटले होते. चिरंजीव हसायला लागले, माझ्याकडे बघून थांबले.

बहिणीला फोन करायची मला तीन दिवस हिंमत झाली नाही. शेवटी केला. सगळं सांगितलं. कबुतरांचं जरा मोघम ठेवलं.

"दादा, आमची कॉपी आहे की," ती म्हणाली. "त्या व्हिडिओवाल्याने आपल्याला दोन, यांच्याकडे दोन दिल्या होत्या ना? एक सासूबाईंनी लावून लावून खराब केली. दुसरीचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नाही."

"पंधरा वर्षांत बघितली नाहीस?"

"आता रोज समोरच आहेत ना हे. त्यात काय बघायचं?"

रविवारी कल्याणहून एसटी पकडून नाशिकला गेलो. पाठवते म्हणाली होती, पण कुरिअरवर माझा विश्वास नाही, आणि त्या आठवड्यात स्वतःवरही नव्हता. तबकडी तिच्या लोखंडी कपाटात, शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात ठेवलेली होती. अंधारात आणि गारव्यात. रेकॉर्ड रूम म्हणावी तर अशी. येताना कसाऱ्याच्या घाटात ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारच्याने विचारलं, "काय, रिपोर्ट वाटतं?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर मी ड्राइव्हला हात लावला नाही. मेकर मी, चेकर चिरंजीव. त्यांनी तबकडी उतरवली, बाइट्स जुळवून पाहिले, मूळ आणि प्रत एकसारखी असल्याची कसलीशी लांबलचक अक्षरांची ओळ मला दाखवली आणि माझ्या ताळेबंदाच्या कागदावर कोपऱ्यात सही केली. मग दुसरी प्रत, पेन ड्राइव्हवर तिसरी, सौ.च्या भावाकडे ठेवायला चौथी. 4.2 गुणिले चार. बाकीच्या पाच जांभळ्यांपैकी तीन गेल्या. चिरंजीवांच्या मुंजीचं मेणाचंच राहणार, पण त्यात त्यांचं मुंडण झालेलं असल्यामुळे फारसा फरक कळत नाही. सिनेमांचं एवढं नाही. रुपेरी तबकड्यांचं पोतं माळ्यावर जसंच्या तसं आहे. ते पुन्हा उतरवून 20 वर, चाळण न लावता आवळायचे ठरले आहेत. त्याला आणखी महिना जाईल. त्यासाठी जागा हवी म्हणून दोन टीबीची नवी डिस्क घ्यावी लागली. सौ.ने या वेळी भांडं ठेवलं नाही, पैसे ठेवले. डिस्क 1.81 दाखवते. मी दुकानात गेलो नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आईला म्हटलं, "ये, लावतो."

"आज तिथी नाही," ती म्हणाली, पण चष्मा पुसत येऊन बसली.

दाणे परत आले होते. सगळा हॉल रवाळ, पिवळा, जरा हलका. अण्णा ताट घेऊन आले, वळले, कॅमेरा जवळ गेला. हनुवटीवर डाव्या बाजूला बारीकसं लाल होतं. त्यांनी त्या आजींचं काढायला सांगितलं, त्या आजींनी पदर सारखा केला, आणि चित्र पुढे गेलं.

"मागे घे," आई म्हणाली.

मी मागे घेतलं. अण्णा पुन्हा वळले. मी तिथेच थांबवलं. आई जरा पुढे वाकली.

"नवीन ब्लेड लावू नका म्हणून सांगत होते मी," ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "ऐकलंत का?"